उघड्यावर गाणं-वाजवणं रेकॉर्ड करायचं तर

पहिल्यांदा उघड्यावर रेकॉर्डिंग केलं तेव्हा मी दोन मित्रांना एका झाडाखाली बसवलं. एक बासरीवाला, एक गिटारवाला. छोटा रेकॉर्डर त्यांच्यापासून चारेक मीटरवर ट्रायपॉडला लावला, बटण दाबलं आणि डोळे मिटून ऐकत बसले. वाजलं छानच. घरी येऊन फाइल उघडली तर बासरी कुठेतरी लांब, गिटार तिच्याहून लांब, आणि अगदी कानापाशी कुणीतरी सतरंजी झटकतंय असा भप्-भप् आवाज. तो वारा होता. तिथे बसले असताना तो वारा आहे असंसुद्धा मला वाटलं नव्हतं. गालाला बरी वाटणारी झुळूक, एवढंच.

आपण ऐकतो तेव्हा मेंदू नको ते आवाज परस्पर बाजूला सारतो. माइकला तेवढी अक्कल नसते, पुढ्यात येईल ते तो सगळं घेतो. म्हणून त्या दिवसापासून मी निघण्याआधी एकच हिशेब करते: घरी बसून काय सुधारता येईल आणि काय नाही. लेव्हल, म्हणजे रेकॉर्ड झालेल्या आवाजाची पातळी, कमी आली तर वाढवता येते. सूर जरा बोदा वाटला तर थोडा उजळता येतो. पण वाऱ्याचे तडाखे, फाटलेला आवाज आणि चुकलेलं अंतर या तिन्हींवर नंतर फारसा इलाज चालत नाही. खाली जास्त जागा याच तिघांनी खाल्ली आहे, बाकीचं आटोपशीर आहे.

पायरी १: सामान

सुरुवातीला दोन माइक अंगचेच असलेला हातात मावणारा रेकॉर्डर पुरतो. वेगळे माइक, केबली, मिक्सर हे सगळं नंतर. फोनवर सराव करायला हरकत नाही, पण फोन स्वतःच्या मर्जीने आवाज वरखाली करतो: शांत जागा आली की ओढून वर आणतो, जोर आला की दाबतो. त्यामुळे गाण्यातला चढउतारच सपाट होतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, हाताने ठरवू देणारं अॅप असेल तरच फोन वापरा.

रेकॉर्डरच्या खालोखाल महत्त्वाचे हेडफोन. कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हवेत. कानात घालायच्या बोंडांनी बाहेरचा आवाज थेट कुठला आणि माइकमधून आलेला कुठला हे नीट कळत नाही. मग माइकवर चढवायची केसाळ फरची टोपी, जड पायांचा स्टँड, स्टँडला लटकवायला पाण्याची भरलेली बाटली, जादा बॅटऱ्या, जादा कार्ड, चिकटपट्टी, एक जाडसर चादर आणि वही-पेन्सिल. बॅटऱ्या रिचार्ज होणाऱ्या असतील तर रेकॉर्डरच्या मेनूत तसं सांगून ठेवा. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, साध्या अल्कलाइन सेलचा १.५, त्यामुळे सेटिंग चुकलं तर उरलेल्या बॅटरीचा आकडा खोटा दिसतो. बाहेरचा कंडेन्सर माइक (याला चालायला वीज लागते) लावून ती रेकॉर्डरमधून देणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा चालू केलात तर बॅटरी नेहमीपेक्षा बरीच लवकर उतरते, तेव्हा त्या हिशेबाने न्या.

१९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अॅलन अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकगीतं गोळा करत फिरले. तबकडीवर खाचा पाडणारं त्यांचं यंत्र ३१५ पौंडांचं, म्हणजे जवळजवळ १४३ किलोंचं होतं आणि मोटारीत घालून न्यावं लागे. हे आठवलं की पिशवीत फरची टोपी कोंबायचा कंटाळा येत नाही.

पायरी २: जागा कानांनी पाहा

शक्य असेल तर आदल्या दिवशी, त्याच वेळेला तिथे जा. रेकॉर्डर चालू करा, हेडफोन घाला, गेन वर करा आणि पाच मिनिटं नुसते बसा. ऐकू येईल ते वहीत लिहा: पंप, कुत्रं, रस्ता, किडे, विजेच्या खांबावरची घूं. यादी दरवेळी वाटलं होतं त्याहून लांब निघते.

नवख्यांची एक आवडती चूक म्हणजे ओढ्याकाठ. दिसायला सुरेख, पण वाहत्या पाण्याचा आवाज खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो आणि थांबत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो पाणी म्हणून ऐकू येत नाही, जुन्या कॅसेटची सूं-सूं वाटतो. पानांची सळसळही त्याच जातीची. पक्षी मला चालतात. ते बोलतात, थांबतात, आणि ऐकणाऱ्याला जागा कळते. अखंड आवाज टाळा, ये-जा करणारा आवाज सोसा.

वेळेचंही एक गणित आहे. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो म्हणून ती वेळ आदर्श वाटते. पण रात्रभरात जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची तुलनेने उबदार राहते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी अजिबात न जाणवणारा लांबचा हमरस्ता पहाटे म्हणूनच शेजारी आल्यासारखा वाटतो. भर दुपारी उलट होतं. तापलेल्या जमिनीवर आवाज वर वळतो, लांबचे आवाज विरतात, पण तोवर वारा उठलेला असतो. मला स्वतःला सूर्योदयानंतरचा पहिला-दुसरा तास मानवतो. पक्ष्यांचा पहिला गलका ओसरलेला असतो आणि वारा अजून आळस देत असतो.

उघड्यावर भिंती नसतात, म्हणून घुमारा नसतो. हे माइकला सोयीचं, पण वाजवणाऱ्यांना जड जातं. स्वतःचा आवाज परत येत नाही, तेव्हा गाणारा ताणून गातो आणि वाजवणारा बडवायला लागतो. त्यांना कमानीसारखं जवळजवळ बसवा. पाठीशी एखादी भिंत, बांध किंवा दाट झुडपं असतील तर त्यांना आधार वाटतो आणि वाराही अडतो. पायाखाली गवत असेल तर उत्तम. फरशी किंवा सिमेंट असेल तर चादर अंथरा. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे जमिनीवर आपटून येणारा आवाज थेट आवाजाच्या किंचित मागून पोचतो आणि दोन्ही मिसळताना काही सूर खाल्ले जातात. वाद्य डब्यातून आल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

जागेची परवानगी, कलाकारांची स्पष्ट संमती, आणि रचना कुणाची आहे याची चौकशी हे तिन्ही आधी उरका. फाइल कुठे आणि कुणासाठी लावणार तेही तेव्हाच सांगून टाका.

पायरी ३: वाऱ्याचा बंदोबस्त

वारा माइकला ‘ऐकू’ येत नाही, तो त्याला ढकलतो. माइकच्या कडांवर हवा फाटते, भोवरे होतात आणि आतला नाजूक पडदा हेलकावे खातो. हे हेलकावे बहुतेक खालच्या पट्टीतले, पण जोर इतका की सगळी लेव्हल तेच खाऊन टाकतात. रेकॉर्डरसोबत मिळणारी फोमची टोपी ही घरात बोलताना तोंडाची फुंकर अडवण्यासाठी असते. उघड्यावर ती असून नसल्यासारखीच.

फरच्या टोपीचे लांब केस वाऱ्याचा वेग मोडतात आणि आत स्थिर हवेचा थर राहतो. काम तो थरच करतो, म्हणून टोपी माइकला घट्ट चिकटलेली नको, सैल आणि फुगलेली हवी. केस ओले किंवा गुंतलेले असतील तर उपयोग निम्म्यावर येतो. मी वापरण्याआधी जुन्या कंगव्याने विंचरते. बघणारे हसतात, हसू द्या. फरमुळे वरच्या पट्टीची धार थोडी बोथट होते, ती नंतर सहज परत आणता येते.

एका दिशेचं ऐकणारे माइक वाऱ्याला जास्त हळवे असतात, चहूकडचं ऐकणारे कमी. जवळ दोन्ही प्रकार असतील आणि वारा हट्टी असेल तर दुसरा निवडा. रिबन माइक मात्र घरीच ठेवा, त्याची पातळ पट्टी जोराच्या झोताने कायमची ताणली जाऊ शकते.

स्टँडला, माइकच्या उंचीवर, लोकरीचा वीतभर धागा बांधा. तो लोंबत राहिला तर काळजी नाही. तिरका होऊन थरथरायला लागला की टेक, म्हणजे चालू असलेलं रेकॉर्डिंग, थांबवायचा, किंवा सगळ्यांनी आडोशाला सरकायचं. माणसं, उभी केलेली गाडी, भिंत यांचा आडोसा घ्या. छत्रीच्या फंदात पडू नका, तिचं कापडच फडफडतं.

रेकॉर्डरवर लो-कट, म्हणजे ठरावीक पट्टीखालचे आवाज गाळणारा फिल्टर, असतो, तो ८० हर्ट्झवर ठेवायला हरकत नाही. गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झला बोलते आणि बासरी त्याच्या कितीतरी वर, म्हणजे त्यांचं फारसं काही जात नाही. खर्जाचं तालवाद्य असेल तर मात्र लो-कट बंद ठेवा आणि आडोसा दुप्पट करा. लो-कट हा फरला पर्याय नाही. बऱ्याच यंत्रांत तो सिग्नल आत आल्यावर लागतो, आणि वाऱ्याने तोवर आवाज फाडलेला असतो.

पायरी ४: अंतर

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती त्यातलं थोडं परत देतात, इथे कुणी देत नाही. आजूबाजूचा कोलाहल मात्र तेवढाच राहतो, म्हणजे तुम्ही मागे सरकलात की वाद्य उतरतं आणि रस्ता चढतो. माझ्या चार मीटरच्या बासरीचं नेमकं हेच झालं होतं.

एकटा वाजवणारा असेल तर ६० सेंटिमीटर ते १ मीटर इथून सुरुवात करा. गिटारच्या भोकासमोर माइक धरू नका, तिथे नुसती ढुम्म ऐकू येते. दांडी जिथे पेटीला मिळते तिकडे रोखा. बासरीला फुंकेच्या रेषेत नको, जरा वरून आणि बाजूने. व्हायोलिनला वरून, हातभर लांब. गाणाऱ्याला तोंडाच्या किंचित वरून, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर खालून निघून जाते. एका दिशेचे माइक फार जवळ नेले की खर्ज फुगतो, हेही ध्यानात असू द्या.

हे सगळे आकडे सुरुवातीपुरते. नेमकी जागा शोधायची तर एका कानात बोट घाला, उघडा कान वाजवणाऱ्याकडे करा आणि डोकं हळूहळू फिरवत, वाकत, उठत त्याच्याभोवती चाला. वेडगळ दिसतं, पण दोन कानांनी मेंदू जी लबाडी करतो ती एका कानाने फारशी जमत नाही. जिथे लाकूड, तार आणि बोट तिन्ही एकदम नीट ऐकू येतील तिथे, त्या कानाच्या उंचीला माइक लावा. एकदा गिटारवाल्याच्या गुडघ्यापाशी असा काही आवाज सापडला की स्टँड काढून रेकॉर्डर विटेवर ठेवला. आजवरचं ते माझं सर्वांत गोड गिटार.

चार-पाच जण असतील तर त्यांना माइकच्या जोडीभोवती अर्धवर्तुळात बसवा आणि तोल बटणांनी साधायच्या नादी लागू नका, माणसं सरकवा. डफ जोरात येतोय? डफवाला अर्धा मीटर मागे. गाणं दबतंय? गाणारी एक पाऊल पुढे. अर्ध्या मिनिटाची चाचणी, ऐकणं, सरकवणं, पुन्हा चाचणी. या खटाटोपात अर्धा तास जातो आणि तोच खरा रेकॉर्डिंगचा अर्धा तास असतो.

रेकॉर्डरवरचे दोन माइक बहुधा ९० अंशांत एकमेकांवर आडवे असतात, त्याला एक्स-वाय मांडणी म्हणतात. ती चुकायला अवघड आहे, म्हणून पहिली काही रेकॉर्डिंगं तिच्यावरच करा. पुढे वेगळे माइक घेतलेत तर १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन असलेली ओआरटीएफ मांडणी करून बघा. फ्रेंच नभोवाणीकडून आलेली आहे, आणि त्या थोड्याशा अंतरामुळे आवाजाला कानांसारखा पसारा येतो.

पायरी ५: लेव्हल

फॉरमॅट वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एमपीथ्रीत रेकॉर्ड करू नका, ती शेवटी वाटायला बनवायची. या सेटिंगला स्टिरिओचा एक तास साधारण १ जीबी होतो, म्हणजे जागेची कंजूषी करायचं कारण नाही.

आपोआप लेव्हल ठरवणारी सोय बंद करा. वाजवणाऱ्यांना गाण्यातला सर्वांत जोराचा तुकडा वाजवायला सांगा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन ठेवा. मग आणखी दोन-तीनने उतरवा, कारण चाचणीला कुणीच जीव ओतून वाजवत नाही. खरं गाणं सुरू झालं की हात सुटतो. शून्य म्हणजे छत. त्याच्यावर गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. उलट लेव्हल थोडी कमी राहिली तर २४ बिटमध्ये काहीच बिघडत नाही. यंत्राच्या स्वतःच्या सूंपेक्षा उघड्यावरचा कोलाहल कितीतरी वर असतो.

हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर मिळतात आणि त्यांत गेनची चिंताच नाही असं सांगितलं जातं. बव्हंशी खरं आहे. पण माइकच स्वतः भरून गेला, किंवा वाऱ्याने त्याचा पडदा झोडपला, तर कितीही बिट असले तरी आत आलेलं फाटकंच आलेलं असतं.

पायरी ६: बटण दाबण्याआधी

सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर. नुसते सायलेंट नकोत, केबलजवळचा फोन टिक-टिक-टर्र सोडतो. बांगड्या, घड्याळ, जॅकेटची चेन, करकरणारी खुर्ची बाजूला. केबलीचा एक सैल वेढा स्टँडला चिकटपट्टीने बांधा, नाहीतर तिला लागलेला पाय थेट माइकमध्ये वाजतो.

वाद्यं लावायची ती त्याच जागी, दहा मिनिटं तिथली हवा खाल्ल्यावर. उन्हाने तार ढिली पडून उतरते, आणि बासरीतली हवा तापली की बासरी चढते. म्हणजे दोघं एकमेकांपासून उलट दिशेने सरकतात, आणि कुणाचं चुकतंय यावर भांडण होतं. सावलीत बसवा, दर गाण्याआधी पुन्हा लावून घ्या. गार गाडीतून दमट हवेत आणलेला कंडेन्सर माइकही थोडा वेळ बॅगेतच राहू द्या, आत दव धरलं की तो चुरचुरतो.

कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. आणि आकडे पुढे सरकताना डोळ्यांनी बघा. बऱ्याच रेकॉर्डरांत पहिल्यांदा बटण दाबलं की फक्त तयारी होते, लाल दिवा लुकलुकतो; खरं रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरू होतं. माझं एक अख्खं गाणं त्या लुकलुकण्यात गेलं. गाणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त पाणी मागितलं आणि पुन्हा गायल्या.

पायरी ७: टेक

सुरुवातीला तारीख, जागा, गाणं आणि कितवा टेक हे बोला. व्हिडिओ वेगळा घेत असाल तर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, दोन्ही फाइली नंतर तिच्यावर जुळवता येतात. मग दहा सेकंद शांतता, मग गाणं. शेवटची तार पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही, ‘वा’ म्हणायचं नाही. हे आधी बजावून ठेवा, कारण दाद नेमकी त्या विरणाऱ्या सुरावरच पडते.

तुम्ही हेडफोन घालून कानात प्राण आणून ऐका. विमान आलं तर हात वर करून थांबवा, त्याची घरघर संपायला वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो. मोटारसायकल गेली, खोकला आला, वाऱ्याचा झोत आला, तर वहीत वेळ लिहा. घरी तासभर शोधण्यापेक्षा ते बरं. दोन टेकच्या मध्ये माइक, माणसं, खुर्च्या काहीही सरकवू नका, नाहीतर एकातला चांगला तुकडा दुसऱ्यात बसणार नाही.

सगळं झाल्यावर, लोक आवरायला लागण्याआधी, दोन मिनिटं नुसत्या जागेचा आवाज घ्या. कुणी वाजवायचं नाही, बोलायचं नाही. दोन गाण्यांच्या मध्ये किंवा कापलेल्या जागी हा तुकडा घातला की सांधा कळत नाही. तिथे संपूर्ण शांतता घातलीत तर ऐकणाऱ्याला वीज गेल्यासारखं वाटतं.

पायरी ८: घरी

आधी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा. मग सुरुवात-शेवट कापा, गरज असेल तर लो-कट लावा, लेव्हल उचला. आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरचा मोह आवरा. थोडं चालतं, पण जास्त झालं की गाणं पाण्याखालून आल्यासारखं बुडबुडतं, आणि ते मूळ सूं-सूंपेक्षा वाईट. कोरडेपणा खटकत असेल तर कृत्रिम घुमारा किंचित द्या. मागे पक्षी ओरडत असताना गाणं देवळाच्या गाभाऱ्यात चाललंय असं वाटायला लागलं तर तो जास्त झाला.

कार्ड मात्र लगेच पुसू नका. दुसरी प्रत हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाजवून ऐका, मग पुसा.